सव्वादोन तोळ्यांचा बाण

गॅरेजमध्ये दिवाळीच्या माळांच्या खोक्यामागे माझं धनुष्य अकरा वर्षं पडून होतं. २०१४ चा सीझन संपला आणि माझा उजवा खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर, म्हणजे भिंतीवर बोटांनी खेकड्यासारखं वर चढायचं तो व्यायाम, आणि मग पोराचं फुटबॉल, मग नोकरी बदलली, मग कोविड, असं करत करत धनुष्य मागे मागे सरकत गेलं आणि पुढे माळा, ख्रिसमसचं झाड, बायकोची न वापरलेली ट्रेडमिल. आता खांदा बरा आहे. मी एक्कावन्नचा आहे. आणि मिशिगनमध्ये एक ऑक्टोबरला बाणाच्या शिकारीचा सीझन उघडतो तेव्हा ऑफिसात ज्या गप्पा सुरू होतात त्या ऐकून यंदा जुलैमध्येच मला राहवेना.

(पुण्यातल्या मित्रांसाठी: हो, तिकडे १९७२ च्या कायद्याखाली शिकार बंद आहे, हो, इकडे लायसन काढून रीतसर चालते, आणि नाही, मी सलमान नाही.)

मला वाटलं होतं दोरी बदलायची, चार बाण घ्यायचे, झालं. अर्ध्या तासाचं काम. म्हणून जुनं धनुष्य पाठीला मारून दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा पंचविशीचा, दाढी मात्र हिमालयातून उतरल्यासारखी. त्याने आधी दोरीवर नखं फिरवली तर तिच्यातून म्हातारीच्या कापसासारखे तंतू उडाले. मग कापसाचा बोळा घेऊन धनुष्याच्या पात्यांवरून हळूच फिरवला, कुठे तडा गेला असेल तर कापूस तिथे अडकतो म्हणे. अडकला. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं डॉक्टर रिपोर्ट उलटा ठेवून बघतात. "सर, हे तुम्ही घरी ओढून बघितलंत का?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो. सकाळीच आरशासमोर दोनदा ओढलं होतं.

तर नवीन घ्यायचं ठरलं, आणि तिथून माझे हाल सुरू झाले. आधी त्याने माप घेतलं. दोन्ही हात पसरून भिंतीला टेकून उभं राहायचं, या बोटापासून त्या बोटापर्यंत इंच मोजायचे आणि अडीचने भागायचं, की तुमची ओढायची लांबी मिळते. आमच्या राजारामपुरीतला शिंपी शर्टाला इतकं माप घेत नसे. एकोणसत्तर इंच भरले. म्हणजे साडेसत्तावीस. मी म्हटलं अरे बाबा माझं एकोणतीस आहे, आधीचं एकोणतीसवरच होतं. तो शांतपणे म्हणाला, मग डाव्या हातावर आतल्या बाजूने दोरीचे वळ उठायचे ना? उठायचे. पाच सीझन उठले. मी ते मर्दानी खेळाचे वळ समजून ऑफिसात बाह्या वर करून हिंडायचो.

मग वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. पूर्वी मी पासष्ट पौंडाचं ओढायचो आणि हा आकडा मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलाय की त्याच्या खाली यायचं म्हणजे चारचौघांत पगार सांगण्यासारखं. त्याने मला स्टुलावर बसवलं, पाय जमिनीवरून उचलायला लावले आणि म्हणाला आता सरळ समोर ओढा, आकाशाकडे न बघता. साठ पौंडाला मी थेट ट्यूबलाइटवर नेम धरला. पंचावन्नला खांद्यातून असा एक आवाज आला जो मी फिजिओकडे शेवटचा ऐकला होता. पन्नासला मात्र लोण्यासारखं मागे आलं. हल्लीच्या कंपाउंड धनुष्याची ही गंमत आहे, दोन्ही टोकांना चाकं असतात, कॅम म्हणतात, ती फिरतात आणि पूर्ण ओढलं की ऐंशी-पंच्याऐंशी टक्के भार आपोआप गायब होतो, म्हणजे पन्नासचं धनुष्य शेवटी आठ-दहा पौंडावर धरून बसता येतं. पन्हाळ्याचा चढ संपून अचानक सपाटी लागावी तसं. मिसुरी राज्यातल्या अ‍ॅलन नावाच्या माणसाला १९६९ मध्ये याचं पेटंट मिळालं, त्याचाही खांदा दुखत असणार असा माझा संशय आहे.

"पन्नास पौंड हरणाला भरपूर झाले सर," पोरगा म्हणाला. मला ते माहीत होतं. तरी मी हळूच विचारलं, याचे पासष्ट करता येतात का नंतर? तो म्हणाला साठपर्यंत येतात, बोल्ट फिरवून. त्या दहा पौंडांच्या आशेवर मी ते धनुष्य घेतलं.

वेगाबद्दल एकदा बोललंच पाहिजे कारण सगळी फसवणूक तिथे आहे. डब्यावर लिहिलेलं असतं सेकंदाला ३३५ फूट. हे बाईकच्या एव्हरेजसारखं असतं. ते आकडे सत्तर पौंड, तीस इंच आणि ३५० ग्रेन वजनाचा हलका बाण असं धरून काढतात, माझ्यासारख्या पन्नास पौंड साडेसत्तावीस इंचवाल्याच्या हातात तोच बाण त्याच्या कितीतरी खाली येतो. आणि खरं सांगू का, आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो, तुम्ही अडीचशेने मारा नाहीतर साडेतीनशेने, दोरीची टण्ण ऐकून हरीण बाणाच्या आधीच खाली दबतं. त्यामुळे वेगाला पैसे देण्यापेक्षा धनुष्य मुकं असण्याला द्यावेत हे माझं मत, जे मी दुकानात चारशे डॉलर जादा द्यायच्या बेतात असताना मला सुचलं.

बाण हे वेगळंच प्रकरण. त्याचा ताठपणा मोजतात, त्याला स्पाइन म्हणतात, आणि आकडा जितका लहान तितका बाण ताठ, म्हणजे ३०० वाला ताठ आणि ५०० वाला लवचिक, हे मला दर वेळी उलटं आठवतं. वजन ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या सोनाराच्या गुंजेचा धाकटा भाऊ. एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. हे मी रात्री जेवताना फार उत्साहाने सांगितलं, की बघ, माझा बाण टोकासकट चारशे ग्रेनचा, म्हणजे सव्वादोन तोळ्यांचा. बायको पोळी लाटता लाटता थांबली.

"किती घेतलेस?"

"डझन."

"म्हणजे सत्तावीस तोळे." तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. "माझं मंगळसूत्र पाच तोळ्यांचं आहे, आठवण म्हणून सांगते."

पुढच्या शनिवारी रिलीज. दोरी बोटांनी न सोडता एका छोट्या यंत्राने सोडतात, एक मनगटाला बांधायचं आणि तर्जनीने दाबायचं, दुसरं मुठीत धरायचं आणि अंगठ्याने. पोरगा म्हणाला अंगठ्याचं घ्या. एकलव्याला मागितलेली गोष्ट मला दीडशे डॉलरला परत मिळत होती, घेतली.

पण खरी फजिती डोळ्यांनी केली. मी धनुष्य सोडलं तेव्हा मला चाळिशी नव्हती. आता प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, वरून लांबचं, खालून जवळचं, मधून काहीच नाही. धनुष्यावर नेम धरायला समोर हिरव्या-लाल पिना असतात आणि दोरीत डोळ्यासमोर एक बारकं भोक बसवलेलं असतं, पीप, त्यातून पिन बघायची आणि पिनेतून हरीण. मी मान जराशी खाली केली की हरीण स्वच्छ आणि पिना म्हणजे दिवाळीतली धुरातली रोषणाई. मान वर केली की पिना टिपटॉप, हरणाच्या जागी तपकिरी शंका. अर्जुनाला फक्त डोळा दिसत होता, मला डोळा सोडून सगळं. पोरगा म्हणाला भोक बारीक केलं तर स्पष्ट दिसेल, पण संध्याकाळी अंधार वाटेल, आणि हरणं येतात संध्याकाळीच. शेवटी पाच पिना काढून एकच ठेवली, भोक मोठं केलं आणि चष्मा काढून मारायचं ठरलं. चष्म्याशिवाय वीस यार्डांवर पाचही बाण बशीएवढ्या जागेत बसले. मी चष्म्याच्या दुकानावर इतके पैसे का घालवले हा प्रश्न वेगळा.

राहिला वास. हरणाला तुमचं धनुष्य दिसत नाही, तुमची जाहिरात ऐकू येत नाही, त्याला वास येतो. म्हणून बिनवासाचा साबण, बिनवासाची पावडर, कपडे धुऊन पाइनच्या पानांसोबत प्लास्टिकच्या टबात बंद. आमच्या घरात लसणाची फोडणी दिवसातून दोनदा पडते त्यामुळे मी तो टब, बूट आणि धनुष्य गाडीच्या डिकीत हलवलं आणि सप्टेंबरचा सगळा महिना डिकीत काहीही ठेवायला बंदी केली. बायको कॉस्टकोतून येताना कांद्याची गोणी मांडीवर घेऊन बसायची.

आई कोल्हापूरहून जुलैतच आली होती. तिने नवरात्रात स्वयंपाकघरात खिडकीखाली घट बसवले, मातीसाठी माझ्या बायकोचा टोमॅटोचा वाफा उकरला. आणि यंदा योग असा की एक ऑक्टोबरलाच खंडेनवमी. मी हाफ डे टाकून दुपारी घरी आलो तर डिकी उघडी, आणि दिवाणखान्यात पाटावर विळी, दोन सुऱ्या, माझा ड्रिल, माझ्या मुलाचा लॅपटॉप आणि मधोमध माझं धनुष्य. दोन्ही पात्यांना हळदीकुंकवाची बोटं. दोरीत झेंडूची माळ. पीपच्या त्या मोठ्या केलेल्या भोकात एक पाकळी खोचलेली. बाजूला कापूर नुकताच विझलेला आणि सहा उदबत्त्या, मोगरा, जोरात चालू.

"आई, हे डिकीतनं कुणी काढलं?"

"मी. शस्त्र हाय न्हवं ते? आज न पुजता नेतोस व्हय?"

काय बोलणार. पाकळी काढली, कुंकू टिश्यूने पुसलं तर ते कॅमच्या खाचेत आणखी आत गेलं. साडेचारला झाडावरच्या मचाणावर पट्टा बांधून बसलो तेव्हा माझ्या भोवती अंबाबाईच्या देवळातला वास होता. सहा वाजून गेल्यावर डावीकडून एक मादी आली, एकटी, पंचवीस यार्ड. मी चष्मा काढून खिशात ठेवला, उठलो, खांदा काही बोलला नाही. पन्नास पौंड लोण्यासारखे मागे आले. पिन बसली. आणि वारा फिरला. तिने मान वर केली, नाक उडवलं, एकदा, दोनदा, सरळ माझ्याकडे बघून जोरात फुर्रर्र केलं आणि पांढरी शेपटी उभी करून गेली.

घरी आलो तर आई दारातच.

"मिळालं काय?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, "घट कुठं उठलेत अजून. परवा जा."