सर्टिफिकेटसाठी येतात? येऊ द्या की!

फूड पँट्रीचं, म्हणजे गरजूंसाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या खाण्याच्या कपाटाचं, काम करायला कॉलेजची पोरं फक्त सर्टिफिकेटसाठी येतात अशी कुरकुर फार ऐकतेय. अहो येऊ द्या की मग! ज्याच्या घरात खायला नाही त्याला डबा कुणी कुठल्या हेतूने ठेवला याच्याशी काय देणंघेणं?

माझी तक्रार आपल्या मोठ्यांबद्दल आहे. आपण पोरांना बोलावतो कशाला, तर एक दिवस बॅनर लावून कपाट गच्च भरायला आणि फोटो काढायला, मग महिनाभर तिकडे कुणी फिरकत नाही. रस्त्याकडेच्या कपाटात ज्याला जमेल त्याने ठेवायचं, ज्याला लागेल त्याने न विचारता न्यायचं, हे २०१६ मध्ये अमेरिकेत आर्कान्सा राज्यात जेसिका मॅकक्लार्ड यांनी सुरू केलं, फुकट पुस्तकांच्या पेट्या बघून सुचलं त्यांना. फूड बँका, म्हणजे अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्था, त्याच्या कितीतरी आधीच्या, १९६७ पासूनच्या, पण तिथे गोडाऊन असतं, स्टाफ असतो, रजिस्टर असतं. कपाटाला यातलं काहीच नाही, त्यामुळे सगळी भिस्त भरणाऱ्यांवर.

आणि भरणं सोपंय हो, सांभाळणं किचकट. जुना माल पुढे, नवा मागे. फुगलेला किंवा जोडावर चेपलेला डबा सरळ बाद. 'यूज बाय' उलटली की फेकायचं, पण 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणून कोरडा, नीट बंद असलेला माल लगेच टाकायची गरज नसते, ती तारीख चवीची आणि क्वालिटीची असते. हे एकदा समजावलं की पोरं आपल्यापेक्षा चोख करतात. एका मुलीला बघितलं, प्रत्येक डबा उलटा करून, मोबाईलचा टॉर्च मारून बारीक अक्षरातली तारीख शोधत होती आणि मग झाकणावर मार्करने मोठ्ठी लिहीत होती, म्हणे चष्मा विसरून आलेल्यालाही वाचता यायला पाहिजे. कुणी सांगितलं नव्हतं तिला! माझं म्हणणं, सर्टिफिकेटवर हे तासही धरा, आणि एका दिवसाच्या जत्रेऐवजी पाळ्या लावा, दोघं दोघं आले तरी पुरे.

अजून एक. "एकच माणूस पिशवी भरून घेऊन गेला" असं पोरं वैतागून सांगतात तेव्हा त्यांना पहारेकरी बनवू नका. घरी पाच तोंडं असतील, शेजारच्या म्हातारीसाठी नेलं असेल, आपल्याला काय माहीत. कपाट रिकामं झालं म्हणजे ते चाललंय! आणि नेणाऱ्याचा फोटो तर अजिबात नको, पाठमोरा पण नको.

देणाऱ्यांनो, तुमच्या घरात नको झालेलं नाही, समोरच्याला लागणारं द्या. सॅनिटरी पॅड, डायपर, साबण कायम कमी पडतात. ज्याच्याकडे गॅस नाही त्याला न शिजवता खाता येईल असं काहीतरी हवं. आणि टिनचे डबे ठेवणार असाल तर एक ओपनर पण ठेवा प्लीज, दोरीने कपाटालाच बांधून, म्हणजे पुढच्यालाही मिळेल.