आभारप्रदर्शन, ओव्हर

हौसेखातर रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांच्या आमच्या हॅम रेडिओ क्लबच्या मासिक सभेत आभारप्रदर्शनाचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. हे काम मानाचे आहे, असे मला सांगण्यात आले होते. ते पत्करणाऱ्याला व्याख्यानात झोपता येत नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही. इतर सदस्य डोळे मिटून चिंतन करू शकतात. मला पाहुण्यांच्या भाषणातली निदान दोन वाक्ये शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी लागतात, आणि आपण सगळे भाषण ऐकले असे भासवायचे असेल, तर त्यांतले एक सुरुवातीचे आणि एक अखेरचे असावे लागते.

गेल्या सभेत अँटेना या विषयावर बोलायला एक अनुभवी गृहस्थ आले होते. मी त्यांचा परिचय करून देत असतानाच माईक गुणगुणू लागला. इतरांच्या सभेत अशा वेळी कोणीतरी वायर हलवून पाहतो आणि सभा पुढे सरकते. आमच्या सभागृहात मात्र रेडिओची परीक्षा उत्तीर्ण झालेली बावीस माणसे होती, त्यामुळे बावीस निदाने झाली. एकाच्या मते दोष अर्थिंगचा होता, दुसऱ्याच्या मते केबलच्या शिल्डिंगचा. तिसऱ्याने, मैफलीत तंबोरा लागला आहे की नाही हे पाहावे तशी मान तिरकी करून, ही गुणगुण वीजपुरवठ्याच्या वारंवारितेची आहे की तिच्या दुपटीची, हे आधी ठरवा, असे सुचवले. कारण दुपटीची असेल, तर पॉवर सप्लायमधला कपॅसिटर गेला असण्याची शक्यता अधिक. हे म्हणणे शास्त्राला धरून होते, म्हणूनच त्यावर वाद झाला. तेवढ्यात चौथ्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. (आमच्यात पेन विसरलेला माणूस सापडतो, स्क्रूड्रायव्हर विसरलेला सापडत नाही.) चाळीस मिनिटांनी माईकचे सगळे भाग टेबलावर ओळीने मांडलेले होते, गुणगुण पूर्णपणे थांबली होती आणि पाहुणे स्वतःच्या गळ्यावर विसंबून बोलायला उभे राहिले होते.

याच मंडळींपैकी एकाने पाच वॅटच्या सेटवरून समुद्रापलीकडच्या माणसाशी गप्पा मारल्या आहेत, आणि एकाने चंद्रावर आपटून सुमारे अडीच सेकंदांनी परत आलेला स्वतःचाच संदेश ऐकला आहे. सभागृहात मात्र पाहुण्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचेना, कारण पहिल्या दोन रांगांत कपॅसिटरचा वाद अजून चालू होता. हवेत, म्हणजे रेडिओवर, आमच्याइतके शिस्तीचे लोक नसतील. एकजण बोलतो, ‘ओव्हर’ म्हणतो, बटण सोडतो आणि मग दुसरा बोलतो. समोरासमोर आलो की ही शिस्त कुठे जाते, याचा मी बराच विचार केला आहे. तोंडाला बटण नाही, एवढेच कारण मला सापडले.

पाहुण्यांनी सुरुवात उत्तम केली. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा, म्हणजे दोन समान तारांच्या साध्या अँटेनाचा, इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) मोकळ्या जागेत साधारण 73 ओहम असतो आणि आपली केबल 50 ओहमची असते; तरीही एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना यांचा मेळ किती बिघडला याचे माप, दीडच्या आतच राहतो, जेमतेम चार टक्के शक्ती परत फिरते, तेव्हा तेवढ्यासाठी कोणी झोप उडवून घेऊ नये, असे ते म्हणाले. मला पहिले वाक्य मिळाले. अडचण एवढीच झाली की, आमच्यात निरोप घेताना शुभेच्छा म्हणून ‘73’ म्हणतात, आणि तो आकडा कानावर पडताच मागच्या रांगेत चिंतनात असलेले दोघे सदस्य जागे होऊन, नमस्कार करून दाराकडे निघाले.

पुढचा तासभर 1939 साली प्रसिद्ध झालेल्या स्मिथ चार्टवर गेला. इम्पिडन्सची गणिते सोडवायचा तो चार्ट म्हणजे वर्तुळात वर्तुळे; त्याकडे फार वेळ पाहू नये.

मग प्रश्नोत्तरे झाली. आमचे एक ज्येष्ठ सदस्य ‘एक छोटासा प्रश्न’ म्हणून उठले आणि त्यांनी स्वतः बांधलेल्या पहिल्या व्हॉल्व्हच्या सेटपासून आरंभ केला. ट्रान्झिस्टरपर्यंत यायला त्यांना वीस मिनिटे लागली. अखेरीस ‘यावर आपले मत काय?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा पाहुण्यांनी अतिशय नम्रपणे ‘कशावर?’ असा प्रतिप्रश्न केला. तेच माझे दुसरे वाक्य ठरले. मी कागद घेऊन उठलो, तोच सभागृहाच्या रखवालदाराने दिवे मालवले आणि आभार राहून गेले.

रात्री रिपीटर (आमचे संदेश पकडून दूरवर पुन्हा पाठवणारे सामाईक केंद्र) लावला, तर सगळी सभा तिथे जमलेली होती आणि एकेकजण रांगेने, ‘ओव्हर’ म्हणत, कपॅसिटरविषयी बोलत होता. ज्येष्ठांनी आपला प्रश्न पुन्हा पहिल्या सेटपासून सुरू केला. कोणाचे बटण चुकून दाबलेले राहिले तर रिपीटर अडकून पडू नये, म्हणून आमच्या रिपीटरला तीन मिनिटांचा टायमर बसवलेला आहे. त्याने त्यांना दुसऱ्या व्हॉल्व्हपाशीच तोडले. चार वर्षांत सभेचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पाहुणेही ऐकत आहेत असे कळल्यावर मी कागद काढला, बटण दाबले आणि राहिलेले आभार मानायला घेतले. सभागृहाचे आभार मानले, रखवालदाराचे मानले, स्क्रूड्रायव्हरवाल्यांचेही मानले, आणि ‘आता ज्यांच्यामुळे आजची सभा संस्मरणीय ठरली, ते आपले आदरणीय पाहुणे’ इथवर आलो, तेव्हा तीन मिनिटे झाली.