गाडीतलं कळणारा माणूस कसं व्हावं

सुरुवात पत्र्यापासून करायची. सोसायटीत कुणी नवीन गाडीचे पेढे घेऊन आलं की पेढा तोंडात टाकायच्या आधी खाली पार्किंगमध्ये जायचं, दरवाज्यावर बोटाने दोनदा टकटक करायचं, बोनेटवर अंगठा दाबून बघायचा, दरवाजा एकदा धाडकन लावायचा, आवाज ऐकून जरा थांबायचं आणि मग म्हणायचं, "पत्रा पातळ आहे हो." बास, तुम्ही जाणकार झालात. त्या बिचाऱ्याने पुढच्या सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलाय वगैरे विचार मनात आणायचा नाही.

आता एखादा शहाणा निघतोच, जो सांगतो की बाहेरच्या पत्र्यावर काही ठरत नाही, ताकद आतल्या सांगाड्यात असते, पुढचा भाग चेपावा म्हणूनच तसा बनवलेला असतो कारण धक्का तो खातो आणि आतली माणसं वाचतात, आणि २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे, तिथे ६४ च्या स्पीडने गाडी ठोकून बघतात आणि मग स्टार देतात. सगळं ऐकून घ्यायचं आणि विचारायचं, "जुन्या ॲम्बॅसॅडरला काय व्हायचं सांग?" ॲम्बॅसॅडरला खरंच काही व्हायचं नाही. जे व्हायचं ते आत बसलेल्यांना व्हायचं, पण तेवढ्या खोलात कशाला जा.

सेफ्टीवर बोलताना एअरबॅग मोजायच्या. सहा आहेत म्हटलं की बेल्टची गरज संपली. बेल्टच्या खाचेत घालायची नुसती क्लिप मिळते, ती घातली की टूंटूं बंद. २०२३ मध्ये सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना त्या क्लिपा काढून टाकायला लावल्या, पण तुमची आधीच घेऊन झालेली असणार, जाणकार माणूस चार पावलं पुढेच असतो. एअरबॅग फुगते तेव्हा माणूस बेल्टने सीटला धरलेला असेल असं गृहीत धरून ती बनवलेली असते. आता त्यांनी काय वाट्टेल ते गृहीत धरावं, आपण कुणाला शब्द दिलेला नाही.

घाट हा खरा परीक्षेचा पेपर. खंबाटकी असो, बोरघाट असो, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि शेजारच्याला सांगायचं, "बघ, फुकटात चाललीय." फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाकडे जाणारं पेट्रोल बंदच होतं आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, म्हणजे तुमची फुकट गाडी गिअरमधल्या गाडीपेक्षा जास्त पितेय, हे कुणी बोललंच तर आपल्या काकांचं नाव पुढे करायचं, त्यांनी तीस वर्षं अशीच चालवली. इंजिन मागून धरत नाही म्हणून ब्रेकवर पाय रोवून बसायला लागतं, मग चौथ्या वळणाला तो जळका वास येतो आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागतं. तेव्हा काच खाली करून म्हणायचं, "पुढच्या ट्रकचा आहे." आणि वरंध्यासारख्या अरुंद घाटात समोरून कुणी चढून येत असेल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियम आहे, म्हणून आधी डिपर मारायचा, म्हणजे तो घाबरून रिव्हर्स घेतो.

एक्सप्रेसवेवर जास्त काही शिकायचं नाही. उजवी लेन ओव्हरटेकिंगची आहे, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्यांना अडवायची. ऐंशीच्या स्पीडने तिथे घर करायचं, मागून कुणी लाईट मारली तर आरसा फिरवून घ्यायचा. किंवा दुसरं टोक, एकशे चाळीसने झिगझॅग. लिमिट शंभर आहे, पण कॅमेरा दिसला की ब्रेक, गेला की परत दाबायची. बोगद्यात पार्किंग लाईट लावायला विसरू नका, चारी इंडिकेटर पेटलेले असले की तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे हे देवालाही कळत नाही आणि त्यातच थ्रिल आहे.

या सगळ्याला रेसिंग म्हणायचं. फॉर्म्युला वनवर मत हवंच, त्यासाठी रेस बघायची गरज नसते, ओटीटीवरची एक सिरीज पुरते. नारायण कार्तिकेयनचा विषय निघाला की "आपल्याकडे टॅलेंट नाही" म्हणायचं. तो कोइंबतूरचा पोरगा २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवणारा पहिला भारतीय झाला, हे राहू दे, त्या वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला तेव्हा रेसमध्ये सहाच गाड्या होत्या एवढंच लक्षात ठेवा, तेवढं वापरायला फार उपयोगी आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला २०११ ते २०१३ तीन रेस झाल्या, तिन्ही जर्मनीचा सेबास्टियन वेटेल जिंकला, तिसऱ्या वेळी चौथ्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला म्हणून आनंदात गाडी गरागरा फिरवली, तर त्याला समज आणि टीमला २५ हजार युरो दंड. ट्रॅकवर, रेस संपल्यावर! पिटलेनमध्येही, म्हणजे टायर बदलायला गाड्या आत घेतात त्या लेनमध्ये, बहुतेक ठिकाणी ८० ची लिमिट, मागून एक लॅप पुढे असलेली गाडी आली की निळा झेंडा बघून वाट द्यायची, मानेपर्यंत पट्ट्याने बांधलेले. कसली ही रेसिंग. त्यापेक्षा आपला लवासाचा रस्ता बरा, ना झेंडा ना पट्टा, कोपऱ्यावर भुट्टेवाला.

बायकांच्या ड्रायव्हिंगवर जोक हवाच, त्याशिवाय कोर्स पूर्ण होत नाही. पुण्याच्या डायना पुंडोले २०२४ मध्ये कार रेसिंगच्या राष्ट्रीय चॅम्पियन झाल्या ही बातमी ग्रुपवर आली तर खाली लगेच पार्किंगवाला व्हिडिओ टाका.

नंबर ४१४१ घ्या, लांबून दादा वाचता येतो. सायलेन्सर असा बसवा की पहाटे दोनला सगळ्या गल्लीला तुमची आवड कळावी.

आणि पंपावर हवा भरताना पोराने "किती मारू?" विचारलं तर आकडा सांगू नका. तो आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर छापलेला असतो, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, आणि ते वाकून वाचताना कुणी बघितलं तर काय राहिलं? "तुझ्या अंदाजाने मार" म्हणायचं, मोबाईलवर टर्बोचार्जरचा वाद चालू ठेवायचा, आणि त्याने "स्टेपनीत पण भरू का?" म्हटलं तर हात हलवायचा, राहू दे, डिकीत सामान आहे.