दहा सेकंद श्वास धरला म्हणजे झालं?

पेपरात कोरोनाची बातमी पुन्हा आली की आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास उगवतो. २०२० च्या मार्चमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा तो कुठल्याशा परदेशी विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या नावाने होता. मग युनिसेफच्या नावाने फिरला. तो आमचा नाही, असं युनिसेफने सांगितलंही, पण तेवढा भाग कोणी पुढे पाठवला नाही. २०२१ मध्ये त्याला कापराच्या पोटलीचं शेपूट फुटलं. आता जो फिरतो त्याचा मजकूर साधारण असा:

‘सकाळी दहा सेकंद श्वास रोखा, खोकला आला नाही तर फुप्फुसं साफ आहेत. विषाणू चार दिवस घशातच असतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी गरम पाणी प्या, तो पोटात जाऊन मरतो. २७ अंशांच्या वर तो जगत नाही. कापूर, ओवा, लवंग हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो. काढा घ्या, दारं-खिडक्या बंद ठेवा, घरात सुरक्षित राहा.’

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात माझं औषधाचं दुकान आहे. लॉकडाऊनमध्ये सगळा बाजार बंद आणि आमचं शटर उघडं, त्यामुळे हा मेसेज वाचून आलेली माणसं मला रोज भेटायची. त्यातलं एकेक कलम घेतो. सगळी सारखीच वाईट नाहीत.

२७ अंशांचं सोपं आहे. माणसाचं अंग ३७ अंशांचं. त्या अंगात राहून, वाढून, खोकल्यातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या विषाणूला २७ ची भीती कसली? एप्रिलात बेळगावचा पारा ३५ च्या आसपास असतो, आणि २०२१ ची दुसरी लाट आपल्याकडे ऐन एप्रिल-मेमध्येच आली.

गरम पाण्याचं जरा हिशेबाने बघू. सकाळी सहा ते रात्री दहा, दर पंधरा मिनिटांनी एकदा, म्हणजे दिवसाला चौसष्ट वेळा. अर्धा कप धरला तरी सहा लिटरच्या वर जातं. हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यात डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं. अशा माणसाला हा सल्ला सरळ अपाय करतो. पोटातलं आम्ल विषाणू मारत असेलही, पण आपण तो गिळत नाही, श्वासावाटे घेतो. नाकात-घशात पोचला की तो पेशींच्या आत शिरून तिथेच वाढतो. पायरीवर बसलेला चोर पाणी ओतून हाकलता येतो. घरात शिरून आतून कडी लावलेल्यावर बादलीभर ओतलं तरी त्याला काय फरक पडणार? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मात्र खुशाल करा, दुखऱ्या घशाला बरं वाटतं. औषध म्हणून नव्हे, आराम म्हणून.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक आडगोष्ट. बेळगावातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, बाकीच्या शहराला ते कित्येक दिवसांच्या अंतराने येतं. लॉकडाऊनमध्ये सगळी माणसं घरात, पाणी जास्त लागणार, म्हणून प्रत्येकाने बॅरल, हंडे, टाक्या भरून ठेवल्या. झाकण निम्म्यांवर नव्हतं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि तो दिवसा चावतो, म्हणजे नेमका घरात बसलेल्यांना. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून घासायचं आणि झाकायचं, हे घरात नीट राहण्याचं खरं काम. मेसेजमध्ये त्याला जागा नव्हती.

आता श्वासाचं कलम. माझा सगळा राग ह्याच्यावर आहे.

२०२१ च्या मे महिन्यात जवळच्या खेड्यातले एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. चार दिवस ताप, पण स्वतः मोटारसायकल चालवत आलेले. पॅरासिटामॉल मागितलं. मी म्हटलं, गुरुजी, डॉक्टरांना दाखवलंत का? तर हसून म्हणाले, “रोज सकाळी श्वास धरून बघतो की. आज वीस सेकंद धरलो, काय बी होईना. छाती साफ आहे.” मी काउंटरवरून ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, पुढे केला. ८७. बोट बदललं, पुन्हा ८७. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. मी माझं बोट घालून दाखवलं, ९८.

त्यांची काही चूक नव्हती. श्वास रोखल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन कमी पडल्याने होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. ह्या आजारात फुप्फुसं सुजून ऑक्सिजन उतरत असतो, तरी कार्बन डायऑक्साइड बराच काळ नीट बाहेर पडत राहतो. म्हणून धाप लागल्यासारखं वाटतच नाही. माणूस बोलतो, चालतो, जेवतो आणि आकडा खाली सरकत असतो. उलट दम्याच्या किंवा साध्या खोकल्याच्या माणसाला दहा सेकंदही धरवत नाहीत आणि तो उगाच घाबरतो. ज्याने धावायला हवं त्याला ही परीक्षा घरी बसवते. गुरुजींना त्याच दुपारी बेळगावला नेलं, बारा दिवस ऑक्सिजनवर होते. परत आले. पण दवाखान्याबाहेरचे ते चार दिवस त्या मेसेजने खाल्ले होते.

घरी काही बघायचंच असेल तर ऑक्सिमीटर लावून सपाट जमिनीवर सहा मिनिटं चाला, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं, आणि आधीचा-नंतरचा आकडा ताडून बघा. तीनहून जास्त अंकांनी घसरला किंवा ९४ च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बसल्या जागीच धाप लागत असेल तर चालायचंही नाही. बोटाला नेलपॉलिश असेल तर आधी काढा. गारठलेल्या बोटावरही यंत्र खोटं बोलतं. आणि छातीत सतत दुखणं, ओठ निळसर पडणं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागणं, ह्यातलं काही दिसलं तर आकड्याची वाट न बघता १०८ ला फोन करा.

कापराच्या पोटलीबद्दल थोडक्यात. कापूर हुंगला की नाकात गार वाटतं, नाक मोकळं झाल्याचा भास होतो. तेवढंच. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो तो तेवढाच राहतो, रक्तातला आकडा हलत नाही. त्या मे महिन्यात माझ्याकडचा कापूर संपला होता, आरतीला मिळेना. पोटली लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका, कारण कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. काढा दिवसातून एखादा कप प्यायलात तर माझी हरकत नाही. पण त्यात ज्येष्ठमध घालून दिवसाला चार-चार ग्लास पिणाऱ्या बीपीच्या रुग्णांना मी हात जोडायचो. ज्येष्ठमधाने बीपी वाढतो, आणि वर हीच मंडळी ‘काढा चालू आहे’ म्हणून बीपीची गोळी बंद करायची.

उरलं ते शेवटचं वाक्य, आणि ते ऐकायला सगळ्यात शहाणं वाटतं. घरात राहा हे बरोबर. दारं-खिडक्या बंद ठेवा हे साफ उलटं. रोग रस्त्यावर तरंगत नव्हता, माणसाच्या श्वासातून येत होता, आणि कोंडलेल्या खोलीत तो हवेत बराच वेळ टिकतो. बेळगावच्या शहापूर-वडगावातली जुनी घरं आठवा, पुढे अरुंद, आत लांबलचक, माजघराला खिडकीच नाही. आजाऱ्याला वारा लागू नये म्हणून नेमकं तिथेच झोपवायचे, आणि दोन दिवसांत अख्खं घर अंथरुणात. आजाऱ्याला खिडकीच्या खोलीत ठेवायचं, खिडकी उघडी, जमलं तर मागचं-पुढचं दार उघडून वारा आरपार जाऊ द्यायचा, खोलीत जाताना दोघांच्याही तोंडावर मास्क. प्लेगच्या काळात ह्या भागातली माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची. त्यांना विषाणू-जिवाणू काही माहीत नव्हते, पण कोंडलेल्या घरातून बाहेर पडायचं हे कळत होतं.

मग असला मेसेज एवढा चालतो का? माणसं अडाणी आहेत म्हणून नव्हे. आमच्याकडे सरकारी पत्रक येतं ते कन्नडमध्ये. आशाताई दारावर येऊन तोंडी सांगायच्या, पण त्या किती घरं करणार? महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर वाहतूक अडली तेव्हा निपाणी-चिकोडीकडच्या ज्यांचे डॉक्टर कोल्हापूर-मिरजेला, त्यांचे डॉक्टरच तुटले. अशा वेळी पुण्याच्या पुतण्याने पाठवलेला, आपल्या भाषेतला, ठळक अक्षरातला मेसेज हाच एकटा बोलत होता. माझ्या घरातल्या वयस्कांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ते काय वाचणार?

म्हणून मी एका पुठ्ठ्यावर वर लिहिलेलंच मोठ्या मराठी अक्षरात लिहून काउंटरला टांगलं. अजून टांगलेलं आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत.

परवा गल्लीतल्या काकी आल्या. थोडी सर्दी, हातात मोबाइल, मोबाइलवर तोच मेसेज. “मी धरलो बघ श्वास, पंधरा सेकंद. काय झालं नाही.” मी पुठ्ठ्याकडे बोट केलं, ऑक्सिमीटर लावला, ९७. म्हटलं, काकी, आता तीन मिनिटं दुकानापुढे चाला की. त्या पदर खोचून निघाल्या. दुसऱ्या मिनिटाला समोरून त्यांची विहीण आली, आणि पुढचा आकडा मला मिळालाच नाही.