फक्त नावं हवी होती

काम साधं होतं. फोनमधल्या डेटाबेसात ग्राहकांचं टेबल, त्यातली फक्त नावं काढून यादीत दाखवायची. पत्ता नको, जन्मतारीख नको. डेटाबेसाची भाषा एसक्यूएल, तिची एक ओळ लिहिली. क्वेरी, म्हणजे ती विचारणा, झटक्यात चालली. पण अँड्रॉइडने नावं दिलीच नाहीत. कर्सर दिला, म्हणजे निकालावरून एकेक ओळ सरकणारा दर्शक.

कर्सर म्हणजे भलतं मानी प्रकरण. पहिल्या ओळीच्याही आधी, उणे एक या जागी, मानाच्या पाहुण्यासारखा उंबरठ्यावर उभा. 'मूव्हटूनेक्स्ट', पुढच्या ओळीवर सरक, अशी विनवणी केल्याशिवाय पाऊल आत टाकत नाही. थेट नाव मागितलं की अ‍ॅप आडवं, आणि लॉगमध्ये निरोप: इंडेक्स उणे एक मागितला, आकार पाच. अरे, पाच आहेत हे तुला ठाऊक आहे ना? मग दे की त्यातलं एक!

बरं, आधी 'मूव्हटूफर्स्ट', पहिल्या ओळीवर जा, आणि लगेच व्हाइलच्या फेऱ्यांमध्ये 'मूव्हटूनेक्स्ट' म्हटलं, की तो वाचण्याआधीच दुसऱ्या ओळीवर सरकतो आणि पहिलं नाव गुपचूप गळतं. एरर नाही, काही नाही. ज्याचं गळलं तोच तक्रार करतो.

कर्सरला रकान्याचं नाव सांगून भागत नाही, नंबर लागतो. तो 'गेटकॉलमइंडेक्स'ला विचारायचा. रकाना नसेल तर हा गृहस्थ 'नाही' म्हणत नाही, उणे एक म्हणतो. तो उणे एक पुढे 'गेटस्ट्रिंग'कडे गेला की दम मिळतो: ओळ शून्य, रकाना उणे एक वाचता आला नाही, कर्सर नीट सुरू केलाय का बघा. कर्सर ठणठणीत असतो, स्पेलिंग चुकलेलं असतं. त्यापेक्षा 'गेटकॉलमइंडेक्सऑरथ्रो' हा त्याचा भाऊ परवडला, निदान जागच्या जागी बोंब मारतो. आणि हो, रकाने शून्यापासून मोजायचे, पण क्वेरीत मोकळी जागा म्हणून ठेवलेल्या प्रश्नचिन्हांत किंमत भरताना, म्हणजे बाइंड करताना, मोजणी एकपासून. का, ते विचारू नका.

2017 साली गूगलने रूम नावाचं डेटाबेस हाताळणारं साधन आणलं. त्यात क्वेरीखाली 'लिस्ट ऑफ स्ट्रिंग', मजकुरांची यादी, लिहिलं की झालं, कर्सर पडद्याआड. स्पेलिंग चुकलं तर अ‍ॅप बिल्डच होत नाही, तयारच होत नाही. मात्र स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर क्वेरी चालवू पाहिली की तेही खेकसतं.

तर नावं एकदाची आली. टेस्टर म्हणाली, "काही नावं दोनदा दिसतायत, डिस्टिंक्ट लावा ना, सारख्या ओळी एकदाच येतील." लावलं. टेबलातले दोन वेगळे अमोल एक झाले.

"मग असं करा," ती म्हणाली, "नावाबरोबर ग्राहक क्रमांकही काढा."

म्हणजे आता दोन रकाने.