‘आधी अ‍ॅसिमोव्हच वाचा’ म्हणणाऱ्यांना

विज्ञानकथांची सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की एक ठरलेला मजकूर त्याच्यापुढे येतो. आधी अ‍ॅसिमोव्ह, क्लार्क, हाइनलाइन हे जुने विज्ञानकथा-लेखक, तेही क्रमाने. विज्ञान कच्चं असेल तर या वाटेला जाऊ नका. ज्यातलं विज्ञान पुढे खरं ठरलं, तीच अस्सल विज्ञानकथा. आणि माणसांच्या गोष्टी हव्या असतील तर दुसरीकडे बघा.

क्रम कुठला पण? अ‍ॅसिमोव्हचं ‘फाउंडेशन’ पुस्तकरूपात आलं १९५१मध्ये आणि त्यातल्या हॅरी सेल्डनच्या तरुणपणाची कादंबरी १९८८मध्ये. कथेतल्या काळाप्रमाणे वाचायला बसलात, तर मूळ पुस्तकातली अर्धी हवा आधीच निघून जाते. शिवाय त्या मूळ पुस्तकात बहुतेक माणसं खोलीत बसून बोलतात. मला ते आवडतं, पण अंतराळातल्या लढायांच्या आशेने आलेला वाचक तिथेच गळतो आणि विज्ञानकथा आपल्यासाठी नाहीत असं ठरवून मोकळा होतो.

विज्ञान पक्कं हवं म्हणे! एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीतल्या कालयंत्रात निकेल आहे, हस्तिदंत आहे, स्फटिक आहे; ते चालतं कसं, याचा मात्र तो पत्ता लागू देत नाही.

खरं ठरण्याचं म्हणाल, तर क्लार्कने भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांद्वारे संदेशवहनाची कल्पना मांडली ती १९४५च्या एका लेखात, कथेत नव्हे. उलट रे ब्रॅडबरीच्या ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’मधल्या मंगळावर माणसं खुशाल श्वास घेत फिरतात. १९६५मध्ये मरिनर ४ या यानाने खड्ड्यांनी भरलेल्या मंगळाची छायाचित्रं पाठवली, म्हणून ते पुस्तक कुणी रद्दीत घातलं नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो. डॅनियल कीजचं ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ घ्या. मंदबुद्धी चार्लीवर बुद्धी वाढवण्याची शस्त्रक्रिया होते आणि सगळी गोष्ट त्याच्याच नोंदींतून कळते. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक ओळीत चुका. मग त्याला विरामचिन्हं समजतात आणि नव्या उत्साहात तो स्वल्पविराम वाट्टेल तिथे पेरतो. पुढे भाषा इतकी चढते की आपल्यालाच धाप लागते. तीच शस्त्रक्रिया आधी झालेल्या अल्जर्नन नावाच्या उंदराचं काय होतं ते कळल्यावर मात्र आपण चार्लीच्या नोंदींत चुका शोधायला लागतो, आणि त्या येतात. आता या गोष्टीतून शस्त्रक्रिया काढून दाखवा. माणूसही उरत नाही.

ल ग्विनच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) दोघं जण स्लेज ओढत हिमनदी पार करतात. मैत्रीबद्दल इतकं चांगलं मी फार कमी वाचलंय. सुरुवातीची राजकारणाची पानं जड जातात, तेवढी रेटा.

वेळ कमी असेल तर टेड चियांगच्या कथा घ्या. मराठीतूनच हवं असेल तर नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. लेमचं ‘सोलारिस’ माझं लाडकं, पण शेवटी सगळ्याचा उलगडा हवाच असतो अशांना मी ते सुचवत नाही.