आरओ बसवायच्या आधी पाणी मोजा

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा पट्टा पसरलाय. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. लहानपणी त्या पाण्यात तुरीची डाळ शिजायलाच तयार नसायची, चहा फाटायचा, साबणाला फेस यायचा नाही. पिण्याच्या गोड्या पाण्याचा हंडा घरात वेगळा असायचा. त्यात कुणी खारा गडू बुडवला की आजीचा आवाज चार घरं पलीकडे जायचा. आता गावात आरओचा, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारा प्लांट आहे. काकू रोज वीस लिटरचा जार भरून आणते आणि म्हणते, "हे आमच्या तरुणपणी असतं तर!" आरओ किती मोलाची गोष्ट आहे हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणूनच पुण्यात जे दिसतं त्याचा त्रास होतो. नवं किचन केलं की चिमणीसारखाच सिंकखाली आरओ. नळाला कुठलं पाणी येतं, हे कुणीच विचारत नाही.

माझ्या सासूबाई पेठेत राहतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक विक्रेता आला. दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या सळ्या बुडवल्या. नळाचं पाणी मिनिटभरात गढूळ तपकिरी झालं, दुसरं नितळ राहिलं. सासूबाई घाबरल्या. "इतकी वर्षं आम्ही हे प्यायलो?" त्यांनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली.

मला कळलं तेव्हा मशीन बसलेलं होतं. तो तपकिरी रंग पाण्यातला नव्हताच, सळईच्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे, म्हणून वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. मी त्यांच्यासमोर तसाच प्रयोग केला, आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून. तेही तपकिरी झालं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात भीती घालून वस्तू विकणं मला अजिबात मान्य नाही, आणि याबद्दल मी जिथे जाईन तिथे बोलणार आहे.

त्यांच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मी मोजला. ८५ निघाला. खडकवासल्याचं पाणी मुळातच हलकं. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत पाणी पिण्यास योग्य धरलंय. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही हाच आकडा धरून म्हटलं होतं की त्याखालच्या पाण्याला आरओ नको. आरओ गाळताना बरंच पाणी बाहेर फेकतो. ८५ चं पाणी १० वर आणण्यासाठी धरणातलं चांगलं पाणी गटारात सोडायचं, ते कशासाठी?

"पण जंतूंचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा आम्ही सगळेच हादरलो होतो. पण जंतू टीडीएस मीटरवर दिसत नाहीत. ८५ च्या पाण्यातही ते असू शकतात. त्यांच्यासाठी पाणी उकळा, नाहीतर अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा यूव्ही फिल्टर लावा. त्याला पाणी फेकावं लागत नाही.

आता माझ्या घराचं. आम्ही शहराच्या कडेला राहतो, सोसायटीला बोअर आणि टँकर. वर्षभर वेगवेगळ्या दिवशी मोजलं, बोअरचं पाणी ७८० च्या आसपास आणि टँकरचं रोज निराळं. नळांवर पांढरे थर. इथे आरओ हवाच होता, म्हणून बसवला. सिंकखाली बसवायचा असेल तर काही गोष्टी आधी बघून ठेवा.

विजेचा पॉइंट सिंकच्या पाइपाखाली घेऊ नका. आमचा तसा होता. एक दिवस जोडणी गळली आणि पाणी थेट बोर्डावर आलं. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला म्हणून वाचलो. आता पॉइंट वर, बाजूच्या कपाटात आहे. ग्रॅनाइटला नळाचं भोक पाडताना डायमंड बिट आणि सतत पाण्याची धार हवी, घाई केली तर ओटा तडकतो. प्रेशर टाकीवर बारा लिटर लिहिलं असलं तरी तेवढं पाणी मावत नाही. आत हवेचा रबरी फुगा असतो, तोच पाणी नळापर्यंत ढकलतो. नवी मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, बसली की पहिल्या दोन टाक्या ओतून द्या.

कार्बन फिल्टरची तारीख तर भिंतीवर लिहून ठेवा. क्लोरिनने मेंब्रेन खराब होते, म्हणून कार्बन आधी लागतो. तो संपला की महागडी मेंब्रेन जाते. आणि क्लोरिन निघून गेल्यावर टाकीतल्या पाण्याला कुणी राखणदार उरत नाही. गावाला जाऊन आलात की साठलेलं पाणी पिऊ नका.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते बाहेर जाणाऱ्या बारीक नळीबद्दल. मेकॅनिक दादांनी ती सवयीने सिंकच्या पाइपात खुपसली होती. मी ती काढून ड्राय बाल्कनीतल्या ड्रममध्ये सोडायला लावली. मग मापाचं भांडं घेऊन बसले. एक लिटर पिण्याचं पाणी यायला अडीच लिटर बाहेर जात होतं. आम्ही चौघं, स्वयंपाक धरून दिवसाला बारा लिटर. म्हणजे तीस लिटर रोज नळीतून. आमच्या सोसायटीत दोनशे फ्लॅट. सगळ्यांनी हेच केलं तर दिवसाला सहा हजार लिटर, म्हणजे दोन दिवसांत एक दहा हजारी टँकर विकत घ्यायचा आणि जसाच्या तसा ड्रेनेजमध्ये ओतायचा. एप्रिलमध्ये टँकरसाठी आपणच गेटवर भांडतो.

ते पाणी घाण नसतं, फक्त जास्त खारं असतं. माझ्या ड्रममधलं १०७० च्या आसपास येतं. लादी पुसायला, संडासात टाकायला, बाल्कनी धुवायला छान चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत मीठ साठतं. माझी तुळस त्यात गेली. आणि पाणी वाचवायचं म्हणून नळी चिमटून कमी करू नका, मेंब्रेनवर क्षार बसून ती चोंदते.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बोअरचं पाणी असेल तर मात्र तेवढ्यावर थांबू नका, प्रयोगशाळेत नायट्रेट आणि फ्लोराइडही तपासून घ्या. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांत मीटरचा आकडा बरा दिसूनही दात आणि हाडं खराब होतात.

आमच्या सोसायटीतल्यांसाठी: रविवारच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडतेय, प्रत्येक डक्टमध्ये आरओच्या टाकाऊ पाण्याची एक वेगळी पाइपलाइन आणि खाली टाकी, पार्किंग धुण्यासाठी. प्लंबरकडून अंदाजपत्रक मागवलंय. आणि मीटर माझ्याकडे आहे. कुणाला हवा असेल तर संध्याकाळी सातनंतर येऊन घेऊन जा, मोजून झालं की परत आणून द्या.